आधी फ्यूज, मग दिवा

(गेल्या गणेशोत्सवात समाजाच्या सभागृहात इंदूरच्या दोघा भावांनी मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांनी मागणी केली, म्हणून स्मरणिकेत देत आहोत. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

गणपती बाप्पा मोरया!

आम्हा दोघा भावांना माइकसमोर उभं राहायची सवय नाही. आमचा जन्म गेला तो डॅशबोर्डखाली आडवं पडून, तोंडात टॉर्च धरून. या व्यासपीठावर आजवर कीर्तनकार आले, प्राध्यापक आले, डॉक्टर आले. ऑटो इलेक्ट्रिशियन बहुधा पहिल्यांदाच आले असतील. कार्यकारिणीनं विषय दिला, "गाडीतल्या शोभेच्या लाइटांवर बोला." कारण उघड आहे. बाहेर पार्किंगमध्ये जाऊन बघा, निम्म्या गाड्यांत पायाशी निळा, गुलाबी उजेड आहे. आणि अनंत चतुर्दशी तोंडावर आली की आमच्या दुकानात मुलांची रांग लागते, "काका, विसर्जनाच्या आधी लावून द्या."

लाइट लावू नका, असं सांगायला आम्ही आलो नाही. तसं सांगितलं तर आमचंच दुकान बंद पडेल. आणि इंदूरच्या माणसाला रोषणाईचं वेड नाही असं कोण म्हणेल? हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या मिलांच्या झांक्या बघत आपल्या तीन पिढ्या मोठ्या झाल्या. आईच्या मांडीवर पेंगत, रात्रभर जागून, राजवाड्यापाशी झांकी येण्याची वाट आपण सगळ्यांनीच बघितली आहे. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, बाकीच्याही बंद पडल्या, पण कामगारांनी झांकी बंद पडू दिली नाही.

आमचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, अशाच एका मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. झांकीचं वायरिंग त्यांच्याकडे असायचं. तेव्हा चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असत आणि त्यांत फ्यूजची तार हातानं भरावी लागे. मिरवणुकीत फ्यूज उडाला की लोक ओरडत, आणि कोणीतरी हमखास म्हणे, "दोन तारा पिळून भर ना, म्हणजे उडणारच नाही." नाना ऐकत नसत. झांकी पाच मिनिटं अंधारात उभी राहिली तरी चालेल, पण फ्यूज का उडाला ते सापडल्याशिवाय ते नवी तार भरत नसत. शिव्या खात, पण भरत नसत. आम्हा मुलांना त्यांनी एकच वाक्य शिकवलं होतं, "आधी फ्यूज, मग दिवा."

आम्हाला ते पाठ होतं. पण समजलं नव्हतं. कसं समजलं, ते सांगतो. ताई इथे समोर बसली आहे. तिला विचारूनच सांगतो आहोत.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीत भाच्यांनी हट्ट धरला म्हणून आम्ही ताईच्या गाडीत एलईडीच्या चार पट्ट्या लावून दिल्या. दोन पुढे पायाशी, दोन मागच्या सीटसाठी. बाजारातला तयार किट होता. त्याच्याबरोबर आलेली वायर अगदी बारीक, दोऱ्यासारखी. करंट घेतला लायटर सॉकेटच्या मागून. तिथे गाडीचा स्वतःचा फ्यूज होता, १५ अँपिअरचा. आम्ही म्हटलं, फ्यूज आहे, मग काळजी कसली? मागची वायर ड्रायव्हरच्या सीटखालून, कार्पेटच्या आतून नेली. तासाभराचं काम. मुलं खूश, ताईनं चकल्यांचा डबा दिला.

सहा-सात महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, ताई, भाऊजी आणि मुलं उज्जैनहून परत येत होती. मागे बसलेली भाची म्हणाली, "काहीतरी जळल्याचा वास येतोय." भाऊजींना वाटलं बाहेरून येत असेल. दोन मिनिटांत सीटखालून धूर यायला लागला. भाऊजींनी गाडी बाजूला घेतली, चावी काढली, सगळे उतरले. चावी काढल्याबरोबर धूर कमी झाला. कार्पेट वितभर काळं पडलं होतं. एवढ्यावर निभावलं.

गाडी दुकानात आणली, कार्पेट उचललं. सीट पुढे-मागे सरकताना तिच्या रुळानं वायरचं कव्हर हळूहळू खरवडून काढलं होतं. आतल्या एक-दोन तारा रुळाला टेकत होत्या, सुटत होत्या. आणि फ्यूज? फ्यूज शाबूत होता! आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पूर्ण शॉर्ट झाला असता तर करंट एकदम उसळला असता आणि फ्यूज उडाला असता. पण अर्धवट टेकल्यामुळे करंट पंधराच्या आतच राहिला. पंधराच्या फ्यूजला तो चालतो. दोऱ्यासारख्या वायरला चालत नाही. फ्यूज थंड राहिला आणि वायर तापून वितळली.

नानांनी एकच विचारलं, "फ्यूज कोणासाठी लावला होता रे?"

आम्ही म्हणालो, "लाइटसाठी."

"लाइटसाठी नसतो. तारेसाठी असतो."

एवढं बोलून ते आत गेले. आठ दिवस आमच्याशी धड बोलले नाहीत. चूक किटची नव्हती, गाडीच्या कंपनीची नव्हती. चूक आमची होती. आज सगळं विसरलात तरी हे एक वाक्य घरी घेऊन जा. फ्यूज तारेसाठी असतो. दिवा जळला तर शंभर-दोनशे रुपये जातात. तार जळली तर गाडी जाते, आणि गाडीत कोण बसलेलं असेल ते सांगता येत नाही.

आता लोक विचारतात, "अहो, बाराच व्होल्ट तर आहेत. हात लावला तरी झटका बसत नाही." बरोबर आहे, झटका बसत नाही. म्हणूनच भीती वाटत नाही, आणि म्हणूनच घोटाळा होतो. बारा व्होल्टचा धोका झटक्याचा नाही, उष्णतेचा आहे. गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर शंभरच्या वर अँपिअर देते. तेवढी ताकद तुमच्या बारीक वायरीमागे उभी असते. मध्ये योग्य फ्यूज नसेल, तर शॉर्ट झाल्यावर ती सगळी ताकद त्या वायरीत शिरते आणि वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते.

मग फ्यूज किती अँपिअरचा? हिशेब सोपा आहे. पट्टीच्या खोक्यावर वॅट लिहिलेले असतात. त्याला बारानं भागा, अँपिअर मिळाले. जाड दाण्याची, मीटरला ६० एलईडी असलेली पट्टी मीटरमागे साधारण १४ वॅट खाते. अशी दोन मीटर लावली तर २८ वॅट, म्हणजे सव्वादोन-अडीच अँपिअर. पण इंजिन चालू झालं की गाडीत बारा व्होल्ट नसतात, चौदा-साडेचौदा असतात. तेव्हा साधी पट्टी दीडपटीपर्यंतही करंट ओढू शकते. म्हणजे साडेतीनच्या आसपास. फ्यूज लावायचा ५ अँपिअरचा. तीन-चार छोट्या तुकड्यांचा किट असेल तर २ किंवा ३ चा पुरतो.

आता उलट बाजूनं बघा. ५ चा फ्यूज लावलात, तर त्याच्यापुढची प्रत्येक वायर ५ अँपिअर आरामात सोसणारी हवी. आम्ही अर्धा चौरस मिलिमीटरच्या खाली जात नाही, आणि वायर मोटारीसाठी बनवलेलीच घेतो. किटबरोबर आलेली दोऱ्यासारखी वायर ठेवायचीच असेल, तर फ्यूज २ चा, त्याहून मोठा नाही. २ चा उडत असेल तर मोठा फ्यूज नव्हे, जाड वायर घ्यायची.

ब्लेड फ्यूजचे रंग लक्षात ठेवा. करडा २, जांभळा ३, फिकट तपकिरी ५, गडद तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५. पुढच्या वेळी कोणी तुमच्या गाडीत पट्टी लावून त्यामागे निळा फ्यूज खोचताना दिसला, तर त्याचा हात धरा. आणि फ्यूज उडाल्यावर चांदीचा कागद गुंडाळणारे महाभाग अजून आहेत. तो फ्यूज नव्हे, काडेपेटी आहे.

फ्यूज कुठे लावायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. जिथून करंट घेतला तिथे, वितभर अंतराच्या आत. दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी राहिली, तिला राखणारं कोणी नाही.

करंट कुठून घ्यायचा? आम्ही आता फ्यूज टॅप वापरतो. गाडीच्या फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज काढून तिथे हा टॅप बसतो. त्यात दोन खाचा असतात. एकीत गाडीचा जुना फ्यूज, दुसरीत आपला नवा. कंपनीची वायर सोलायला लागत नाही, आणि गाडी विकताना टॅप काढला की सगळं पूर्ववत. पण कोणत्या फ्यूजवर बसवायचा, ते गाडीच्या पुस्तकात बघूनच ठरवा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कंप्युटर, हेडलाइट, यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. लायटर सॉकेट किंवा ॲक्सेसरीचा फ्यूज निवडा. टॅप कोणत्या बाजूनं बसवायचा हेही मीटरनं तपासा. उलटा बसला तर आपल्या लाइटचा भार गाडीच्या जुन्या फ्यूजवरही पडतो.

छतातल्या लाइटच्या किंवा दाराच्या वायरीतून चोरून करंट घ्यायची जुनी पद्धत होती. जुन्या गाड्यांत ती खपून गेली. आताच्या गाड्यांत ते दिवे कंप्युटर चालवतो. त्याच्या वायरीत बाहेरचा भार घातला तर तो गोंधळतो, प्रसंगी बिघडतो. शंभराच्या लाइटापायी हजारांचा खर्च.

आणि करंट चावीवरचा घ्या, कायमचा नको. हिशेब करा. सव्वादोन-अडीच अँपिअरची पट्टी रात्री दहा तास चालू राहिली तर पंचवीसच्या आसपास अँपिअर-तास गेले. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. सकाळी मुलांना शाळेत सोडायला निघालात की गाडी नुसती टकटक करणार. उत्सवाच्या दिवसांत धक्का मारायला निदान माणसं तरी भेटतात!

काम सुरू करताना बॅटरीचं मायनस आधी काढा आणि जोडताना ते शेवटी जोडा. कारण सांगतो. आधी प्लस खोलायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला लागला, तर पान्यातूनच शॉर्ट होतो. मायनस काढलेलं असेल तर पाना कुठेही लागू दे, सर्किटच पूर्ण होत नाही. काढल्यावर थोडा वेळ थांबा, मग हात घाला. पिवळ्या नळीतली किंवा पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर ती एअरबॅगची समजा. तिला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, तिच्याजवळ काही बांधायचं नाही. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात बऱ्याच गाड्यांमध्ये पडद्यासारखी एअरबॅग असते. तिथून वायर खोचत नेणं म्हणजे तिच्या वाटेत दोरी बांधणं.

मायनससाठी गाडीत कंपनीनं दिलेले अर्थचे बोल्ट असतात, तेच वापरा. सीटबेल्टचा बोल्ट ढिला करू नका. रंगावर लग कसला तर अर्थ मिळत नाही, खाली चकचकीत पत्रा हवा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असतो, म्हणून थेट बॅटरीच्या मायनसला जोडण्यापेक्षा बॉडीला जोडणं बरं.

आता वायर कशी न्यायची. ताईच्या गाडीनं आम्हाला हाच धडा दिला. सीटच्या रुळाजवळून नाही, पेडलच्या वर नाही, स्टिअरिंगच्या दांड्याजवळ नाही. इंजिनकडून आत आणायची असेल तर पत्र्याच्या उघड्या भोकातून आणू नका, रबरी ग्रोमेटमधून आणा. पत्र्याची कड सुरीसारखी असते आणि गाडी रोज हलते. सगळ्या वायरीवर जाळीची किंवा नालीदार नळी घाला, वीत-वीत अंतरावर टाय बांधा. काळी पीव्हीसी टेप आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. कापडी हार्नेस टेप मिळते, ती घ्या. जोड नुसता पिळून टेप गुंडाळायचा नाही. क्रिम्प करा, वर हीट श्रिंक नळी चढवा. पट्टीच्या पाठीचा गोंदही उन्हात सुटतो आणि पट्टी ड्रायव्हरच्या पायात लोंबते, म्हणून क्लिपा लावा. गाडी सीएनजीची असेल तर सिलिंडर आणि गॅसच्या नळीच्या आसपास ड्रिल चालवायचं नाही, अगदी एक भोकसुद्धा नाही.

सगळं झाल्यावर अर्धा तास लाइट चालू ठेवा. मग फ्यूज, जोड, स्विच, वायर यांना बोट लावून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर कुठेतरी चुकलं आहे. हे आम्ही गिऱ्हाइकासमोरच करतो.

दोन शब्द उजेडाबद्दल. तुम्ही रात्री गाडी चालवता तेव्हा डोळे अंधाराला सरावलेले असतात. डॅशबोर्डवर निळी पट्टी झगमगत असेल तर तिचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि रस्त्यावरचा माणूस उशिरा दिसतो. म्हणून लाइट पायाशी, मंद, आणि पट्टी थेट दिसणार नाही अशी लपवून. बाहेरच्या बाजूला तर नियमच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०८ व्या नियमाप्रमाणे गाडीच्या पुढे लाल दिवा दिसता कामा नये, आणि इंडिकेटर, नंबर प्लेट, रिव्हर्स असे ठरलेले दिवे सोडले तर मागे लालशिवाय दुसरा रंग दिसता कामा नये. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरले. मग आपल्या चिरंजीवांनी पुढच्या जाळीत लाल-निळे लुकलुकते दिवे कशाला लावायचे? शिवाय वायरिंगमुळे आग लागली, तर बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाबद्दल विमा कंपनी प्रश्न विचारणारच. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी ते कागद वाचा.

आणि एवढं करूनही कधी वास आला, धूर दिसला, तर भाऊजींनी केलं तेच करा. वास बाहेरून येत असेल, असं समजू नका. गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, आधी माणसं उतरवा, सामान नंतर. धूर बॉनेटमधून येत असेल तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. लांब उभे राहा आणि ११२ ला फोन करा. एक किलोचं पावडरचं आग विझवायचं नळकांडं ड्रायव्हरच्या हाताशी असू द्या. डिकीत सामानाखाली असलेलं काही कामाचं नाही.

विसर्जनाच्या सजवलेल्या गाड्यांबद्दल कार्यकर्त्यांना एवढंच सांगतो. गाडीची वायरिंग वेगळी, जनरेटरवरच्या माळांची वायरिंग वेगळी. दोन्ही एकाच पिळ्यात बांधू नका. तिथे २३० व्होल्ट असतात, पाऊस असतो, आणि लेझीम खेळणारी मुलं अनवाणी असतात.

ताईच्या गाडीत आम्ही पुन्हा लाइट लावले. भाचीनंच सांगितलं, "मामा, लावा, पण मला दाखवून लावा." ती शेजारी बसून होती. प्रत्येक वायर कुठून नेतोय, फ्यूज किती अँपिअरचा, सगळं विचारत होती. शेवटी जांभळा फ्यूज तिनंच आपल्या हातानं बसवला. ते लाइट आजही चालू आहेत. आज बाहेर लावलेल्या गाड्यांत ती गाडीही आहे, कोणाला बघायची असेल तर ताई उघडून दाखवेल.

त्यानंतर नाना आमच्याशी नेहमीसारखे बोलायला लागले. आज ते नाहीत. पण दुकानात गिऱ्हाईक घाईवर आलं आणि म्हणालं, "भाऊ, फ्यूजचं राहू द्या, नुसतं जोडून द्या," की आम्ही दोघंही हातातलं काम खाली ठेवतो. त्याला उज्जैनच्या रस्त्याची गोष्ट सांगतो. दहा मिनिटं जातात. बहुतेक जण थांबतात. जे थांबत नाहीत त्यांचं काम आम्ही करत नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊपासून आम्ही दोघं मीटर घेऊन इथल्याच पार्किंगमध्ये बसणार आहोत. ज्यांच्या गाडीत आधीच लाइट लावले आहेत त्यांनी गाडी घेऊन या. फ्यूज कुठे आहे, किती अँपिअरचा आहे, वायर सीटखालून गेली आहे का, एवढं बघून देऊ. पैसे नकोत. येताना मुलांना घेऊन या. हट्ट त्यांचा असतो, मग हिशेबही त्यांनाच शिकवू.

बोला, गणपती बाप्पा मोरया!